नदीवर जायला बंदी घालणं सोपं, नदी शिकवणं अवघड

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या पोरांचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

पावसाळा लागला की आमच्या धंद्यात दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, 'धबधबे, धरणं, नदीपात्रात जाण्यास मनाई'. दुसरी, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, 'पोहण्यासाठी उतरलेल्या युवकाचा बुडून मृत्यू'. डिप्लोमा करून या धंद्यात आलो त्याला वीसेक वर्षं झाली. दोन्ही बातम्या इतक्यांदा लिहिल्या की हात आपोआप चालतात. 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे वाक्य तर मी किती वेळा टाइप केलं असेल याचा हिशोब नाही.

पण त्या वाक्याकडे नीट पाहा. अंदाज आला नाही, बरोबर. पण अंदाज शिकवला कोणी होता?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो एका पोरानं. अमरावतीचा आहे, पुण्यात नोकरी करतो, तिशीच्या आतला. कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक चालवायला शिकला. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद बंद होडी. कमरेभोवती रबरी झालर असते, ती होडीच्या तोंडाला घट्ट बसते, म्हणजे पाणी आत येत नाही. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, डोक्यावर हेल्मेट, अंगात तरंगणारं जाकीट. खडकातून, फेसातून, उतारावरून ही होडी काढायची. होडी उलटली तर आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या एका फटक्यानं ती परत सरळ करायची. या खेळाला व्हाइटवॉटर म्हणतात. पाणी खडकावर आपटून पांढरं होतं, म्हणून.

पोरगा मला म्हणाला, "दादा, आपल्या सातपुड्यात एवढ्या नद्या हायेत. पावसाळ्यात कुठी तरी एखादा पट्टा मले कायदेशीर मिळन का? चोरून नाई जाचं मले."

मी म्हटलं, विचारून पाहू. आणि तिथून सुरू झालं.

आधी जरा भूगोल, कारण आपण इथं राहून इथलाच भूगोल विसरतो. गाविलगडचे डोंगर म्हणजे आपल्या वऱ्हाडाची उत्तरेकडची भिंत. चिखलदरा १,११८ मीटरवर, त्याच्या बाजूचं वैराट ११७८ मीटरवर. खाली अचलपूर-परतवाडा साधारण पावणेचारशे मीटरवर. म्हणजे तीसेक किलोमीटरच्या घाटात आपण सातशे मीटरपेक्षा जास्त चढतो. आपण चढतो तेवढंच पाणी उतरतं, आणि तेही आपल्यापेक्षा जवळच्या वाटेनं.

या भिंतीच्या दक्षिण अंगानं चंद्रभागा, सापन, शहानूर, वान अशा नद्या खाली येतात आणि पूर्णेला मिळतात. उत्तर अंगानं सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या तापीकडं जातात. पुढं पूर्णाही तापीलाच मिळते, चांगदेवला. खडक सगळा काळा, बेसाल्टचा. पाणी मुरत कमी, धावतं जास्त. वर तासभर ढग फुटला की खाली नाला अर्ध्या तासात गुडघ्याचा छातीपर्यंत येतो. भीमकुंडावर उभं राहून खाली पाहिलं की ही दरी पाण्यानं कापली यावर विश्वास बसतो.

म्हणजे खेळासाठी नदी कशी लागते? तर तिला उतार लागतो, खडक लागतो, पाणी लागतं. पावसाळ्याचे तीन महिने आपल्याकडं तिन्ही आहे. कडक उन्हाळ्यात याच नद्यांच्या डोहांत वाघ-अस्वलं पाणी शोधतात, ते वेगळं.

आता प्रश्न असा, की ही नदी कुणाची?

कायदा पाहिला तर उत्तर सोपं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले, तलाव, वाहतं-साचतं पाणी, जे दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नाही ते राज्य सरकारचं. आणि सरकारचं म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टानं कमलनाथ प्रकरणात सांगून ठेवलं आहे. हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठावर एका मोटेलनं जागा घेतली, नदीचा प्रवाहच वळवायला काढला. कोर्ट म्हणालं, नद्या, जंगल, किनारे यांचं सरकार हे मालक नाही, विश्वस्त आहे. जनतेच्या वतीनं सांभाळणारा. निकाल १९९६ च्या डिसेंबरातला. म्हणजे नदी तुमची-माझी आहे, सरकार फक्त राखणदार.

पण इथं एक 'पण' आहे, आणि तो खरा आहे. आपल्या डोंगरातल्या सगळ्यात देखण्या नद्या मेळघाटात आहेत. १९७३ ला देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या ९ जंगलांमध्ये मेळघाट होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ म्हणतं, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही. कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी मिळू शकते ते दिलंय: अभ्यास, फोटो, संशोधन, पर्यटन वगैरे. म्हणजे दार बंद आहे, पण त्याला कडी-कोयंडा आहे, किल्ली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी तोंडात शब्द घालू नये म्हणून. गाभा क्षेत्रात, जिथं वाघीण पिल्लं घेऊन पाण्यावर येते, तिथं रंगीत होड्या आणि हेल्मेटवाले कॅमेरे नकोच. सिपना कोलकासला शांत वाहते, ती तशीच वाहू द्या. त्या पोराचंही हेच म्हणणं होतं. त्याला वाघाच्या घरात जायचं नव्हतं. त्याला घराबाहेरचं अंगण हवं होतं. वान धरणाच्या खालचा पट्टा, तापीचा जंगलाबाहेरचा काठ, पायथ्याच्या नद्यांमधले जंगलाबाहेरचे चार-सहा किलोमीटर.

मी आणि तो, दोघं मिळून कार्यालयं फिरलो. कोणतं ते लिहीत नाही, कारण दोष एका टेबलाचा नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पाणी आमचं, पण काठ आमचा नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, काठ आमचा, पण खेळ आमचा विषय नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब भला माणूस होता, चहा पाजला, आणि म्हणाला, "पत्रकारसाहेब, परवानगी दिली आणि एखादा मेला तर सही माझी. नाही दिली आणि मेला तर सही कुणाचीच नाही."

या एका वाक्यात आपली सगळी नदी-व्यवस्था आली. बंदी ही सुरक्षेसाठी कमी आणि सहीसाठी जास्त असते. त्या साहेबाला मी दोष देत नाही. त्याच्या खुर्चीत बसून मीही कदाचित तेच केलं असतं. पण मग पोरगा जे बोलला ते मला अजून टोचतं. बाहेर टपरीवर उभे होतो. म्हणे, "दादा, मले कोनी अडवूच नये असं मी नाई म्हनत. पन इचाराचं कोनाले, एवढं तं कोनी सांगा ना."

राज्याचं साहसी पर्यटन धोरण आहे बरं का. २०२१ चं. जमीन, हवा, पाणी, तिन्हीकडचे साहसी खेळ त्यात येतात. ते चालवणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची, सुरक्षेचे नियम पाळायचे, सगळं कागदावर आहे. पण धोरण हे खेळ चालवणाऱ्या संस्थेचा विचार करतं. नदी कुठली, पट्टा कुठला, कुठून उतरायचं, कुठं बाहेर निघायचं, हे जिल्ह्यात कुणी ठरवलंच नाही तर नोंदणी करून करायचं काय? गाडीचं लायसन मिळालं आणि रस्ताच नाही, असा प्रकार.

मग ठरवलं, जिथं हे चालतं तिथं जाऊन पाहू. डिसेंबरात कोलाडला गेलो, रायगड जिल्ह्यात.

तिथली कुंडलिका ही गंमतच आहे. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण. हो, तेच, ज्याच्यासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. मुळात पूर्वेकडं भीमेकडं जाणारं ते पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजघरात टाकलं जातं, वीज होते, आणि वापरलेलं पाणी कुंडलिकेत सुटतं. सकाळी पाणी सोडलं की नदी भरते, आणि मग त्या पाण्यावर बारा-चौदा किलोमीटर तराफे चालतात. पाणी बंद झालं की नदी परत खाली. म्हणजे तिथं नदीचं टाइमटेबल आहे. पावसाची वाट पाहावी लागत नाही, आणि पाण्याचा भरवसा असतो.

मी कयाकमध्ये बसलो नाही, चाळिशीनंतरची कंबर तेवढी उदार नसते. तराफ्यात बसलो. पण पाण्यात उतरायच्या आधी त्यांनी जो अर्धा तास शिकवलं, तो मला सगळ्या प्रवासापेक्षा जास्त उपयोगाचा वाटला. त्यातलं थोडं इथं लिहितो. कयाकशी तुमचा संबंध कधी येणार नाही, पण पाण्याशी येईलच.

एक. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन खडकांच्या फटीत अडकतो, पाणी पाठीवरून ढकलतं आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडतो. उताणं पडायचं, पाय वर आणि पुढं, वाहाल त्या दिशेला. येणारा खडक डोक्यानं नाही, पायानं घ्यायचा. आणि तिरपं तिरपं काठाकडं सरकायचं.

दोन. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट तर धक्का नऊपट. म्हणून 'काल इथूनच तं गेलो होतो' हा हिशोब आज चालत नाही.

तीन. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यात माणूस तरंगत नाही, खाली जातो. धबधब्याच्या पायथ्याशी चांगले पोहणारे का जातात, त्याचं एक कारण हे.

चार. मोठ्या खडकाच्या मागं पाणी उलटं फिरतं, प्रवाहाच्या विरुद्ध. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी ती थांबायची जागा, कयाकवाले तिथंच दम खातात. ज्याला येत नाही त्याला वाटतं, इथं भोवरा आहे, आणि तो घाबरून मधल्या धारेत शिरतो.

पाच. हे नीट वाचा, हे आपल्यासाठी आहे. छोटा बंधारा मोठ्या धबधब्यापेक्षा धोकादायक असू शकतो. पाणी भिंतीवरून सरळ खाली पडतं, तळाला जातं, आणि वरच्या थरानं परत भिंतीकडं फिरतं. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पाणी चार-पाच फूट तर आहे. जगभरचे पट्टीचे कयाकवाले असा बंधारा आला की होडी डोक्यावर घेऊन काठानं चालत पुढं जातात.

आता सांगा, आपल्या वऱ्हाडात कोल्हापुरी बंधारे किती आहेत? आणि पावसाळ्यात त्याच्या भिंतीवरून उड्या मारणारी पोरं तुम्ही पाहिली नाहीत का? मी पाहिली. त्यांना कुणी हे पाच मिनिटांत समजावून सांगितलंय, असं मात्र कधी पाहिलं नाही. शाळेत पूर्णेची लांबी पाठ करून घेतात. पूर्णेत पडलं तर पाय कुठं ठेवायचे, हे नाही शिकवत.

नद्यांना दर्जाही असतो, हे मला तिथंच कळलं. एक ते सहा. एक म्हणजे सोपं वाहतं पाणी. सहा म्हणजे जवळपास अशक्य, जिवावरचं. कोलाडचा पट्टा मधल्या दर्जाचा, म्हणून नवशिक्यालाही तराफ्यात बसवता येतं. आणि एकाच नदीचा दर्जा पाण्याबरोबर बदलतो. म्हणजे नदी 'धोकादायक' किंवा 'सुरक्षित' अशी नसतेच. ती अमुक दिवशी, अमुक पाण्याला, अमुक ठिकाणी, अमुक माणसासाठी तशी असते. आपल्या बंदीच्या आदेशात मात्र सगळ्या नद्या, सगळे दिवस, सगळी माणसं एकाच ओळीत बसवलेली असतात.

कुणी म्हणेल, मग काय बंदी नको? असं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर पुण्यात मनाईचे आदेश निघाले, ते निघायलाच हवे होते. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीनं कोसळला, चार जण गेले. आणि आपल्या घरचंच सांगायचं तर १४ सप्टेंबर २०२१. वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत होडी उलटली, ११ माणसं गेली. दशक्रियेला आलेले नातेवाईक होते. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला 'होडी' हा शब्द लिहावासा वाटत नव्हता.

पण बघा, झुंजची माणसं बंदी मोडून मस्ती करायला गेली नव्हती. ती नदीवर गेली होती, जशी आपली माणसं कायम जातात. दशक्रियेला, अस्थी घेऊन, गणपती घेऊन, देवी घेऊन, म्हशी घेऊन, धुणं घेऊन. नदीशी आपला संबंध बंद करता येणार नाही. मग तो सुरक्षित करणं एवढंच हातात उरतं.

आणि ते जमत नाही असंही नाही. अकोल्याची कावड पाहा. श्रावणात, विशेषतः शेवटच्या सोमवारी, हजारो पोरं गांधीग्रामला पूर्णेवर जातात. रात्रीची वेळ, पावसाळ्याची नदी, खांद्यावर पाण्याच्या भरण्या. तिथून राजराजेश्वरापर्यंत पायी. धोका काय कमी आहे? तरी प्रशासन तिथं 'नदीवर जाऊ नका' म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. मग काय करतं? उजेड करतं, पोलीस लावतं, बचावाची माणसं उभी करतं. आपल्या जिल्ह्यात पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन पथकासारखी माणसं आहेत, जी कोणाच्या तरी लेकरासाठी पुरात उतरतात. म्हणजे ठरवलं तर आपल्याला नदीवर माणसं सांभाळता येतात. फक्त ते आपण श्रद्धेसाठी करतो, शिकण्यासाठी करत नाही.

केरळनं केलंय. कोझिकोड जिल्ह्यात चालीपुळा आणि इरुवंजीपुळा या डोंगरी नद्यांवर २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल होतो. कयाकच्या शर्यती, बाहेर देशातले खेळाडू, राज्य सरकारचं पर्यटन खातं सोबत. आणि कधी होतो? भर पावसाळ्यात. आपण ज्या महिन्यांत दोरी बांधून पोलीस उभे करतो, त्याच महिन्यांत. स्कॉटलंडमध्ये तर २००३ चा कायदाच आहे की नदी-तळ्यावर बिनइंजिनाची होडी घेऊन जाण्याचा हक्क प्रत्येकाला, अट एवढीच की जबाबदारीनं वागा. अमेरिकेत काही वीजधरणांना परवाना देतानाच ठरतं, वर्षातून अमुक दिवस खालच्या नदीत होडीवाल्यांसाठी पाणी सोडायचं, आणि तारखा आधी जाहीर करायच्या.

आपल्याकडं धरणातून पाणी सोडतात तेव्हा काय जाहीर होतं? 'अमुक दरवाजे अमुक सेंटिमीटरनं उघडले, विसर्ग इतके घनमीटर प्रतिसेकंद, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' आम्ही ते जसंच्या तसं छापतो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी. ५० घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे तुमच्या अंगावरून दर सेकंदाला ५० टन. असं लिहिलं तर पोरगा दोन पावलं मागं सरकेल. 'घनमीटर' वाचून कुणी सरकत नाही. हा आमच्या धंद्याचाही विषय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ज्यांची नदी पहिली होती त्यांची.

मेळघाटच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या अकोट तालुक्यात आणून वसवली. मग आमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. कोरकू माणसं. त्यांच्या पुनर्वसनाची रडगाणी मी अनेकदा लिहिलीत, आज तो विषय नाही. पण कयाकचं डोक्यात असताना एका पुनर्वसित गावात गेलो, तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, बाबा, पुरात नदी कशी ओलांडायचे तुम्ही?

बाबा हसले. मग अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी असं बोलत राहिले. पाण्यात पाचोळा यायला लागला की वर पाऊस झाला समजायचं. पाण्याचा रंग बदलला की मासे धरणं सोडून काठावर यायचं. तळाचे दगड गडगडायला लागले, आवाज आला, की उतरायचंच नाही, मग पलीकडं लेकरू असो की बैल. शेवटी म्हणाले, "पानी पैले बोलते, मंग येते. तुमच्या पोरायले थे आयकू येत नाई."

कोलाडला हेल्मेटवाल्या गाइडनं जे सांगितलं, त्यातलं निम्मं या बाबांना आधीच माहीत होतं. फरक एवढाच की त्या गाइडला त्याचे पैसे मिळतात. बाबांच्या नातवाला ते माहीतच नाही, कारण तो आता सपाटीवर वाढला, नदीपासून लांब.

वनहक्क कायदा २००६ म्हणतो की जंगलात राहणाऱ्यांना पाण्यावरचा, माशांवरचा सामूहिक हक्क आहे. अमरावतीतल्याच पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळवून उजाड डोंगर हिरवा करून दाखवला, त्याची दखल जगानं घेतली. मग उद्या पायथ्याच्या एखाद्या नदीवर असा पट्टा झालाच, तर त्याचा पहिला हक्क, पहिली नोकरी, पहिलं प्रशिक्षण या पोरांचं असलं पाहिजे. नाहीतर काय होईल ते मी आजच सांगतो. पुण्या-नागपूरची संस्था येईल, रिसॉर्ट होईल, काठाला तारेचं कुंपण पडेल, आणि कोरकू पोरगा गेटवर भुट्टे विकेल. चिखलदऱ्यात हे आपण पाहतोच. दरीवरून चालायला काचेचा स्कायवॉक सिडकोनं हाती घेतला. ठीक आहे. पण दरी वरून पाहायला कोट्यवधी, आणि दरीतलं पाणी ओळखायला शिकवायला पाच हजार नाहीत?

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, शेतकरी मरतो तिथं याला कयाक सुचतंय. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. तेल्हाऱ्याचा शेतकरी वानच्या पाण्यासाठी आंदोलन करतो, आणि मी त्याच पाण्यात होडी चालवायचं म्हणतो? पण होडी पाणी पीत नाही. सिंचनाला सुटलेलं, पुरात सोडलेलं पाणी तिच्याखालून जसंच्या तसं पुढं जातं. आणि बुडणारी पोरं कुणाची असतात? पोहण्याच्या तलावाची फी भरू शकणाऱ्यांची नाही. ती त्याच शेतकऱ्याची, मजुराची असतात. ज्यांच्याकडं तलाव नाही, त्यांच्याकडं डोह असतो.

तर माझं मागणं साधं आहे. कयाकवाल्या एका पोरासाठी नाही, सगळ्यांसाठी.

१. दोन्ही जिल्ह्यांत गाभा क्षेत्राबाहेरचे नदीपट्टे पाहून यादी करा. कुठं उतरायला चालतं, कुठं कधीच नाही, कुठं फक्त अमुक पाण्याला. वनखातं, पाटबंधारे, महसूल, पर्यटन, चौघं एका टेबलावर बसा. परवानगी मागायला एकच खिडकी असू द्या. नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या.

२. प्रत्येक बंधाऱ्यावर 'पोहू नये' याच्याऐवजी 'इथलं पाणी माणसाला परत भिंतीखाली ओढतं' असं चित्रासह लिहा. कारण कळलं की माणूस ऐकतो.

३. विसर्गाचा इशारा साध्या भाषेत, वेळ सांगून द्या. किती वाजता सोडणार, कोणत्या गावात किती वाजता पोहोचणार.

४. नदीकाठच्या शाळांत सातवीपासून पुढं वर्षातून चार तास वाहत्या पाण्याचं शिक्षण. बचाव पथकाची माणसं आणि कोरकू-भोई-कोळी जाणते, दोघांना बोलवा, मानधन द्या.

५. पट्टा उघडलाच तर त्याचा ताबा गावाकडं, ग्रामसभेकडं. काठाला कुंपण नाही. धुणं धुणाऱ्या बाईला आणि म्हशीला जायला वाट राहिलीच पाहिजे.

यातल्या चार गोष्टींना तर होडीसुद्धा लागत नाही.

तो पोरगा अजून वाट पाहतोय. कयाक त्याच्या अमरावतीच्या घराच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडली आहे. दर पावसाळ्यात फोन करतो, "दादा, काई झालं का?" चोरून जाणं त्याला अवघड नाही, पण तो जात नाही. नियम पाळणाऱ्या माणसाला आपण ताटकळत ठेवतो आणि न पाळणाऱ्याची बातमी छापतो, असा सगळा व्यवहार झालाय.

हे लोकप्रतिनिधींपर्यंत, अधिकाऱ्यांपर्यंत जाईल असं पाहा. आणि एक काम तुम्हीही करा. तुमच्या गावच्या नदीवर कोणता डोह, कोणता बंधारा जीव घेतो, तो किती खोल आहे, तिथलं पाणी कसं फिरतं, हे तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मला कळवा. सगळं एकत्र करून मी दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी नेऊन देतो. पोच घेऊनच परत येईन.

पुढच्या पावसाळ्याआधी कळवा म्हणजे झालं.